शिशात वीज साठवणारा माणूस



पी.एल.चे दिवस आहेत, रात्रीचे अकरा वाजलेत, उद्या मशीन्सचा पेपर आहे आणि नेमकी लाईट जाते. अख्ख्या होस्टेलमधून एकच ओरड उठते. मग जिन्याखालचा इन्व्हर्टर गुरगुरतो, ट्यूब लुकलुकते आणि आपण पुन्हा पुस्तकात डोकं घालतो. त्या इन्व्हर्टरच्या शेजारी जी जडशीळ पेटी असते, ती पहिल्यांदा कोणी बनवली असं विचारलं तर बहुतेक जण एडिसनचं नाव घेतील. पण एडिसनने उलट या पेटीला पर्याय म्हणून निकेल आणि लोखंडाची बॅटरी काढली होती. शिशाच्या बॅटरीचा जनक वेगळाच. त्याचं नाव गॅस्टन प्लांटे. फ्रेंच लोक म्हणे प्लाँते असा उच्चार करतात, पण आपल्या टेक्स्टबुकमधल्या प्लेटा प्लांटेच्या आहेत, म्हणून इथेही प्लांटेच ठेवतो.

गॅस्टनचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी नैऋत्य फ्रान्समधल्या ऑर्तेझ या गावी झाला. घरात हुशारीची कमी नव्हती. त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे फ्रान्समधला नावाजलेला पियानोवादक झाला आणि तब्बल पंचाण्णव वर्षं जगला. गॅस्टनला मात्र सुरांपेक्षा विजेचं वेड. शिक्षणासाठी तो पॅरिसला आला आणि १८५४ मध्ये तिथल्या कला व हस्तव्यवसायांच्या राष्ट्रीय संस्थेत फिजिक्सचा साहाय्यक म्हणून लागला. तेव्हा त्याचं वय होतं वीस, म्हणजे आपल्याच बरोबरीचा. त्याचे साहेब होते एडमंड बेकेरेल. प्रकाशापासून वीज मिळते हे १८३९ मध्ये दाखवून देणारे ते हेच. रेडिओअ‍ॅक्टिव्हिटीवाले हेन्री बेकेरेल हे त्यांचे चिरंजीव.

पण प्लांटेचं नाव पहिल्यांदा गाजलं ते विजेमुळे नाही, तर एका पक्ष्यामुळे! १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ इथे त्याला एका प्रचंड पक्ष्याचं जीवाश्म हाड सापडलं. हा पक्षी साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, माणसापेक्षा उंच आणि उडता न येणारा. शास्त्रज्ञांनी त्याला शोधणाऱ्याचंच नाव दिलं, गॅस्टॉर्निस, म्हणजे गॅस्टनचा पक्षी. एकविसाव्या वर्षी एवढं नाव मिळाल्यावर एखादा त्याच क्षेत्रात राहिला असता. हा पठ्ठ्या परत लॅबमध्ये येऊन तारा जोडत बसला.

त्या काळची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. भिंतीत सॉकेट नाही, पॉवर स्टेशन नाही, कामाचा डायनामोसुद्धा अजून यायचा होता. वीज हवी तर व्होल्टाच्या किंवा बुनसेनच्या घटांतून घ्यायची. त्यातलं जस्त झिजून संपलं की घट संपला. नवं जस्त, नवं अ‍ॅसिड. म्हणजे विजेचा दिवा लावायचा तर चुलीत लाकडं घालावी तसं जस्त घालत राहायचं. वापरलेली वीज परत भरता येईल असा घट कोणाकडेच नव्हता. तशी थोडी चाहूल मात्र लागली होती. द्रवात बुडवलेल्या दोन धातूंच्या पट्ट्यांतून करंट सोडला आणि मग बंद केला, की थोडा वेळ उलट्या दिशेने करंट मिळतो हे रिटर या जर्मन संशोधकाने शतकाच्या सुरुवातीला पाहिलं होतं. सिन्स्टेडेन नावाच्या जर्मन लष्करी डॉक्टरने शिशाच्या पट्ट्या वापरूनही प्रयोग केले होते. पण या उलट्या करंटकडे बघण्याची सगळ्यांची दृष्टी कटकट म्हणून होती.

प्लांटेने त्या कटकटीचाच अभ्यास घेतला. तांबं, चांदी, कथील, लोखंड, सोनं, प्लॅटिनम, शिसं असा एकेक धातू घेऊन तो पाहत गेला, की कोणाचा उलटा करंट जास्त जोराचा आणि जास्त वेळ टिकणारा. सोनं आणि प्लॅटिनम मागे पडले, जिंकलं ते शिसं. स्वस्त, मऊ आणि जड गडी. सौम्य सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये त्याची कामगिरी इतरांपेक्षा कितीतरी सरस होती. १८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कापड ठेवलं, आळूवडीची गुंडाळी करतात तशी गुंडाळी केली आणि ती अ‍ॅसिडच्या भांड्यात उभी केली. पुढे कापडाऐवजी रबराच्या पट्ट्या आल्या. जगातला पहिला पुन्हा पुन्हा चार्ज होणारा आणि खरोखर उपयोगाचा घट तो हाच. १८६० मध्ये त्याने असे नऊ घट जोडून फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवले.

इथे सिनेमा असता तर टाळ्या पडून पडदा पडला असता. प्रत्यक्षात पुढची वीस वर्षं फारसं काही घडलं नाही. कारण साधं होतं. ही बॅटरी चार्ज कशाने करायची? पुन्हा त्याच बुनसेनच्या जस्तखाऊ घटांनी. म्हणजे पाण्याची टाकी बांधली, पण गावात नळच आला नाही, अशी अवस्था. दुसरी अडचण त्याहून चिवट. कोऱ्या शिशाचा पत्रा फारशी वीज साठवत नाही. तो आधी घडवावा लागतो. चार्ज करा, डिस्चार्ज करा, उलट्या दिशेने चार्ज करा, आठ दिवस तसाच राहू द्या, परत चार्ज करा, आता पंधरा दिवस थांबा. असं महिनोन् महिने केल्यावर पत्र्याचा पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि मग त्यात वीज मुरायला लागते. आपण एका प्रॅक्टिकलचं रीडिंग दोनदा घ्यायला लागलं तर तोंड वाकडं करतो. प्लांटेने हे वर्षानुवर्षं केलं.

या काळात तो स्वस्थ बसला नाही. सर्वसामान्यांना शिकवणाऱ्या पॉलिटेक्निक असोसिएशनमध्ये तो १८६० पासून फिजिक्स शिकवत होता. बॅटरीवर प्लॅटिनमची तार तापवून मेणबत्ती पेटवणारं एक छोटं यंत्र त्याने बनवलं आणि त्याला शनीचा लायटर असं नाव दिलं. जुन्या किमयागारांच्या लेखी शिसं हा शनीचा धातू, म्हणून हे नाव. (साडेसातीवाल्यांनी नोंद घ्यावी, शनी कधीकधी उजेडही देतो!) पुढे त्याने तब्बल ८०० घट एका ओळीत जोडले. दर घटाला दोन व्होल्ट धरा म्हणजे अंदाज येईल. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून अभ्रकाचे कंडेन्सर पॅरललमध्ये चार्ज करून सिरीजमध्ये सोडणारं यंत्र तयार केलं. आपल्या हाय व्होल्टेज लॅबमध्ये जो मार्क्स जनरेटर आहे, त्याची कल्पना याच जातीची. पाण्यावर ठिणग्या सोडून आगीचे छोटे फिरते गोळे तयार करायचे आणि आकाशातली गोळ्याची वीज कशी बनत असेल याचा अंदाज बांधायचा, हा त्याचा आवडता उद्योग. हे सगळं काम त्याने १८७९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलं.

आणि मग एकदम दिवस पालटले. ग्राम या बेल्जियन माणसाचा डायनामो बाजारात आला होता. टाकीला नळ मिळाला! १८८१ मध्ये कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने शिशावर शिशाच्या ऑक्साईडची पेस्ट थापली आणि महिन्यांचं घडवणं खूपच कमी वेळात आणलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्रूव्हेची विजेवर चालणारी तीनचाकी रस्त्यावर धावली, ती प्लांटेच्या बॅटरीवर. पैसा आणि कारखाने पुढे बहुतेक पेस्टवाल्या प्लेटांच्या वाट्याला आले. प्लांटे आपला प्रयोग करत राहिला. २१ मे १८८९ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, म्यूदाँजवळच्या बेलव्ह्यू इथे तो गेला. आयफेल टॉवर लोकांसाठी खुला होऊन तेव्हा जेमतेम काही दिवस झाले होते. ज्या परिसरात एकविसाव्या वर्षी त्याला पक्ष्याचं हाड सापडलं, त्याच परिसरात त्याने शेवटचा श्वास घेतला.

त्याच्यानंतर दहा वर्षांनी, एप्रिल १८९९ मध्ये, ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार धावली. ती पेट्रोलवर नव्हती, शिशाच्या बॅटरीवर होती. १९८९ पासून बल्गेरियाची विज्ञान अकादमी या क्षेत्रातल्या संशोधकांना त्याच्या नावाचं पदक देते. पण खरं स्मारक आपल्याच आजूबाजूला आहे. दौंड जंक्शनवर जुन्या पद्धतीच्या डब्यांची गाडी उभी असेल तर डब्याखाली वाकून बघा, दिवे-पंख्यांच्या बॅटऱ्यांची पेटी दिसेल. सबस्टेशनमध्ये ब्रेकर ट्रिप करायला लागणारा डी.सी. बऱ्याच ठिकाणी शिशाच्याच बॅटरीतून येतो. आणि रांजणगाव एम.आय.डी.सी.तल्या मोठ्या कारखान्यांत फोर्कलिफ्ट आणि पाहुण्यांना फिरवायच्या गोल्फ कार्टच्या पोटात तीच असते.

या गोल्फ कार्टची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण प्लांटे मला पुस्तकात भेटला त्याआधी तिथे भेटला. आम्ही तिघे उन्हाळ्यात इनप्लांट ट्रेनिंगला रांजणगावला होतो. रूम गावात. गुरुवारी सुट्टी, तेव्हा महागणपतीचं दर्शन, बाकी दिवस सकाळी सातला गेटवर. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. तिथे एकाच दिवशी घेतलेल्या दोन गोल्फ कार्ट होत्या. एक दिवसभर पळायची. दुसरी दोन फेऱ्या मारल्या की चढावर मान टाकायची. चार्जर बदलून झाला, मोटर तपासून झाली. शेवटी मेंटेनन्सच्या काकांनी सीट उचलली आणि आम्हाला टॉर्च धरायला लावला.

कार्ट ४८ व्होल्टची, म्हणजे ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. एका बॅटरीत चार घट, एकूण चोवीस घट आणि चोवीस बुचं. पुढच्या रांगेतल्या बॅटऱ्यांत पाणी व्यवस्थित होतं. मागची रांग, जिथे हात घालायला वाकावं लागतं, तिथल्या काही घटांत प्लेटांची टोकं कोरडी पडून पांढुरकी झाली होती. भिंतीवरच्या चेकशीटवर मात्र दर आठवड्याची सही होती. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त टॉर्च आधी बॅटरीवर आणि मग त्या कागदावर धरायला सांगितला.

आता यातलं इंजिनिअरिंग बघू. बॅटरी डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि अ‍ॅसिड पातळ होतं. चार्जिंगमध्ये हे सगळं उलटतं. पण चार्ज पूर्ण होत आला, घटाचं व्होल्टेज साधारण २.४ च्या आसपास गेलं, की जास्तीचा करंट पाण्यालाच फोडतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बुचातून निघून जातात. जातं ते फक्त पाणी, अ‍ॅसिड मागे राहतं. फॅरेडेचा नियम लावला तर एका घटात १ अँपिअर-अवर जादा चार्जिंगला साधारण ०.३४ ग्रॅम पाणी जातं. कार्टने दिवसाला १५० अँपिअर-अवर वापरले आणि भरताना दहा टक्के जास्त दिले, तर एका घटातून रोज सुमारे ५ ग्रॅम. किरकोळ वाटतं ना? चोवीस घटांचं तीस चार्जिंगचं गणित साडेतीन लिटरच्या वर जातं! वर आपल्याकडचा एप्रिल-मे.

पातळी प्लेटांच्या खाली गेली की उघडा भाग हवेत सुकतो, त्यावरचं सल्फेट कडक होतं आणि तो भाग कायमचा कामातून जातो. नंतर कितीही पाणी घाला, तो परत येत नाही. उरलेल्या भागावर सगळा भार पडतो, अ‍ॅसिड घट्ट होतं, घट गरम होतो. आणि चोवीस घट सिरीजमध्ये असल्यामुळे एक घट बसला की सगळी गाडी बसते. तेवीस जणांनी सबमिशन वेळेवर केलं, पण एकामुळे अख्ख्या बॅचची टर्म अडली, तसं.

मग पाणी घालायचं कसं? काकांनी शिकवलं ते जसंच्या तसं देतो. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरच्या जड पाण्यातले क्षार, लोह आणि क्लोराईड प्लेटांचं वाटोळं करतात, आणि घरचं आर.ओ.चं पाणीही त्यासाठी पुरेसं शुद्ध नसतं. अ‍ॅसिड कधीच घालायचं नाही, कारण ते कमी झालेलंच नसतं. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही. चार्ज होताना द्रव फुगतो, त्यात बुडबुडे होतात. आधीच गळ्यापर्यंत भरलं तर अ‍ॅसिड उतू जाऊन टर्मिनल खातं आणि वाया गेलेलं ते अ‍ॅसिड मग पाण्याने भरून येत नाही. अपवाद एकच. प्लेटा उघड्या दिसत असतील तर चार्जिंगआधी त्या जेमतेम बुडतील एवढंच घालायचं आणि बाकीचं नंतर. भरायची पातळी म्हणजे बुचाच्या आतल्या नळीच्या खालच्या टोकाच्या ३ ते ६ मिलिमीटर खाली. भांडं आणि नरसाळं प्लॅस्टिकचं. डोळ्यांवर गॉगल, हातात ग्लोव्हज, अंगठी-कडं काढून ठेवलेलं. खोलीच्या खिडक्या उघड्या आणि जवळपास ठिणगी नाही, कारण हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की स्फोट होऊ शकतो. अ‍ॅसिड सांडलं तर खायचा सोडा. आणि मागच्या रांगेपासून सुरुवात करायची. ही शेवटची सूचना कोणत्याही मॅन्युअलमध्ये मला सापडली नाही.

त्या कार्टच्या सहाही बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. जुन्या-नव्या एकत्र जोडल्या तर नव्याही लवकर जातात, म्हणून सगळा सेट. एकेक बॅटरी तीस किलोच्या आसपास आणि त्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. आता हे शिसं जातं कुठे? नियमाप्रमाणे नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवं. २००१ पासून आपल्याकडे त्यासाठी नियम आहेत आणि २०२२ मध्ये ते नव्याने आले. तिथे धूर आणि अ‍ॅसिड आवरायची यंत्रणा असते. पण बऱ्याच बॅटऱ्या भंगारवाल्यामार्फत कुठल्यातरी शेडमध्ये फोडल्या जातात, अ‍ॅसिड मातीत ओतलं जातं आणि शिसं उघड्या भट्टीत वितळवलं जातं. ते शिसं धुरातून, धुळीतून आसपासच्या मुलांच्या रक्तात जातं आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. शिशाची अमुक पातळी मुलांना सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. म्हणजे तीन-चार वर्षं अजून चालली असती अशी बॅटरी पाण्यावाचून मेली की एक भट्टी उगीचच लवकर पेटते. चेकशीटवरच्या खोट्या सहीची किंमत ज्याने सही केली तो भरत नाही.

आता गोल्फ कार्टमध्येही लिथियम येतंय, आणि त्यात पाणी घालायची भानगड नाही. सीलबंद शिशाच्या बॅटऱ्याही आहेत. तरीपण जिन्याखालच्या, शेतावरच्या, दुकानातल्या कितीतरी इन्व्हर्टरना अजून बुचंच आहेत. प्लांटेने जे दिलं ते विकत घेऊन विसरून जायची वस्तू नव्हतीच. पहिल्या दिवसापासून ती वेळ मागणारी होती. त्याने कोऱ्या पत्र्याला महिनोन् महिने दिले. आपल्याकडून ती महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं आणि थोडं डिस्टिल्ड वॉटर मागते.

म्हणून रेक्टर सरांना आणि मेस कमिटीला एक विनंती. आपल्या होस्टेलच्या बॅटऱ्यांच्या बुचांवर पातळी दाखवणारे तरंगते निर्देशक आहेत. ते लाल खुणेवर आले की नाही हे बघायची पाळी दर महिन्याला एका विंगला द्यावी. कागदावर नुसत्या सहीऐवजी प्रत्येक घटात किती मिलिलिटर पाणी घातलं ते लिहायचं. जो आकडा इतर घटांपेक्षा वेगळा येईल, तिथे काहीतरी बिघडतंय हे आपल्याला आधीच कळेल. पहिला महिना आमच्या विंगने घ्यायचं ठरवलंय. पाच लिटरचा कॅन आणलेला आहे, खोली नंबर विचारून कोणीही घेऊन जावा.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी